न झालेल्या आजाराचं ऑपरेशन

माझं ऑपरेशन झालं तेव्हा मला कुठलाही आजार नव्हता. वाक्य एवढं साधं, पण आजवर ज्याला ज्याला सांगितलं त्यानं ते मला पुन्हा एकदा म्हणायला लावलं आहे.

अणदूरच्या अलीकडं, मोठ्या रस्त्याला लागून माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. शेजारच्या गाळ्यात माझे मालक, म्हणजे नवरा, शेतातल्या जळालेल्या पाणमोटारी दुरुस्त करतात. त्यांच्याकडं बाप्ये येतात, माझ्याकडं बाया. आसपासच्या गावांतल्या कितीतरी बायकांच्या छातीची मापं मला तोंडपाठ आहेत. स्वतःच्या छातीकडं मात्र मी कधी लक्ष दिलं नव्हतं. लक्ष द्यावं असं तिथं काही होतही नव्हतं.

सुरुवात धाकट्या बहिणीपासून झाली. तिला सोलापूरला दिलेली. तिच्या छातीत गाठ निघाली, ती कॅन्सरची ठरली आणि आमच्या घरात जुनंच भांडण नव्यानं पेटलं. आमची आजी होती तोवर घरातल्या प्रत्येक दुखण्याचं खापर आईच्या माहेरावर फुटायचं. कुणाचे दात लवकर पडले तरी ते आईच्या माहेरचे. आजी गेल्यावर हे काम माझ्या वडिलांनी, आप्पांनी, आपल्याकडं घेतलं. माझं माहेर आणि सासर एकाच गावात; तिथंच आप्पांचं भुसार मालाचं दुकान. कपाळावर भस्माचे पट्टे, आवाज खणखणीत. बहिणीची बातमी कळल्यावर ते आईला सगळ्यांदेखत म्हणाले, "तुझ्या मावशीचं असंच झालतं. तुमच्या घरातलंच हाय हे."

आईनं ते इतकी वर्षं ऐकलं होतं की आता तिलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

बहिणीच्या डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण शांत होत्या. बहीण एवढ्या कमी वयात आजारी पडली म्हणून त्यांनी तिचं रक्त वेगळ्या तपासणीला पाठवलं. त्यात कळलं, की तिच्यात जन्मापासूनच एक दोष आहे, पिढीजात चालत आलेला, आणि त्यामुळं असा कॅन्सर व्हायची भीती पुष्कळ वाढते. मग आईचं, आप्पांचं आणि माझंही रक्त घेतलं. महिन्याभरानं आम्ही सगळे त्यांच्या समोर बसलो. आप्पा पुढच्या खुर्चीत. आई मागं, भिंतीला टेकून, पदर ओढून.

"हा दोष आजोबांकडून आलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्यांनी आईकडं हात केला. "या आजींचा रिपोर्ट अगदी स्वच्छ आहे."

आप्पांनी मागं वळून पाहिलं. दुसरे कुणी आजोबा आत आले असतील असं त्यांना वाटलं असावं.

"माझ्याकडनं? म्या गडी माणूस हाय, बाई. मला कुठलं आलं थानाचं दुखणं?"

"पुरुषांकडूनही येतो. तुमच्या बहिणी आहेत का?"

"व्हत्या दोघी. दोघी तरुणपणीच गेल्या."

"कशानं?"

"एक छातीला पिकून गेली. धाकटीच्या पोटात पाणी झालतं." डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. पोटात तसं पाणी अंडाशयाच्या कॅन्सरनंही होतं आणि तोही याच दोषातून येतो, हे त्यांनी समजावून सांगितलं. आप्पांना ते समजलं, कारण त्यानंतर सोलापूर ते अणदूर ते एसटीत एक शब्दही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आईनं पुरणपोळ्या केल्या. कुठला सण नव्हता, कुठला वार नव्हता. एक लेक दवाखान्यात सलाईन लावून पडलेली, दुसरीचा रिपोर्टही दोषाचाच आलेला. म्हणजे माझा, ते सांगायचं राहिलं. आणि आई पुरण वाटतीय. आप्पांनी विचारलं, "काय हाय आज?" आई म्हणाली, "काय न्हाय. असंच." त्यांच्या ताटात तिनं दोन पोळ्या वाढल्या, वरून तूप सोडलं आणि जेवून होईपर्यंत समोर बसून राहिली. संध्याकाळी मात्र ती माझ्या दुकानात आली, माझ्या शिवणाच्या मशीनवर डोकं ठेवून रडली आणि म्हणाली, "माझ्याकडनं आलं असतं तर बरं झालं असतं गं. मला सवय व्हती ते ऐकायची."

आप्पांनी ही गोष्ट फार मनाला लावून घेतली. आपल्या कुळात हे पहिल्यांदा कुणी आणलं ते शोधायचंच, असं त्यांनी ठरवलं. त्याच वर्षी आमच्याकडं हेळवी आला. हेळवी म्हणजे आमच्या घराण्याची वंशावळ सांगणारा माणूस. हे लोक कर्नाटकातून येतात, काही वर्षांतून एकदा, आणि दारात बसून कानडीत पूर्वजांची नावं आणि कर्तबगारी गातात. पूर्वी बैलावर बसून यायचे. हा मोटारसायकलवर आला, डोक्याला पागोटं आणि पागोट्याखाली हेल्मेटचा पट्टा.

आप्पांनी त्याला बसवलं, चहा दिला आणि सरळ विचारलं, "माझ्या पणज्याला काय दुखणं व्हतं?"

हेळवी गडबडला. "गौडा, तुमचा पणजा घोड्यावर बसून आला, त्यानं दुष्काळात गाव जेवू घातलं."

"ते झालं. मेला कशानं?"

"जंगमाला जेवू घालता घालता लिंगैक्य झाला." आमच्यात जंगम म्हणजे स्वामी आणि लिंगैक्य होणं म्हणजे देह ठेवणं.

"अन् त्याचा बाप?"

"तो बी जेवू घालतानाच."

असं करत करत आप्पांनी सात पिढ्या मारल्या. सगळे जेवू घालताना गेले होते. एकालाही साधा खोकला नव्हता. शेवटी आप्पा म्हणाले, "आन् ह्यांच्या बायका? लेकी?"

"लेकींचं आमी सांगत नस्तो, गौडा. त्या दुसऱ्याच्या घरच्या."

आप्पा म्हणाले, "माझ्या दोन बहिणींचं गाऊन दाखव. त्याबिगर जवारी मिळणार न्हाय." हेळव्यानं चहाचा कप खाली ठेवला, घसा साफ केला आणि जागच्या जागी दोन कडवी रचून म्हटली. त्यात माझ्या दोन्ही आत्या घोड्यावर बसून आल्या, त्यांनी गाव जेवू घातलं आणि जंगमाला वाढता वाढता त्या लिंगैक्य झाल्या. आप्पांनी डोळे पुसले आणि त्याला पोतंभर ज्वारी दिली.

तोवर माझी वेगळीच पंचाईत सुरू होती. डॉक्टरीणबाईंनी मला दोन वाटा सांगितल्या होत्या. एक, दरवर्षी तपासण्या करत राहायचं आणि काही निघालं तर लवकर पकडायचं. दुसरी, काही निघायच्या आधीच दोन्ही बाजू काढून टाकायच्या. भीती किती आहे ते त्यांनी टक्क्यात सांगितलं. माझे मालक लगेच म्हणाले, "म्हणजे पावसाच्या अंदाजासारखं. पडंल बी, न पडंल बी." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तसंच समजा. पण हा पाऊस पडला तर घर जातं."

मी घरी आले आणि आंघोळीच्या वेळी स्वतःला तपासायला लागले. रोज तपासायची, दाबून दाबून. काही दिवसांनी छाती दुखायला लागली. दुखतीय म्हणून घाबरून पुन्हा सोलापूरला गेले. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला काही झालेलं नाही. तुम्ही फार दाबताय." एवढं ऐकायला मी कामधंदा सोडून गेले होते. परत येताना एसटीत माझ्या मनानं घेतलं, की असं दाबत दाबत म्हातारं व्हायचं नाही. काढून टाकायचं.

मालकांना सांगितलं तेव्हा त्यांच्या हातात तांब्याची तार होती. ते बराच वेळ ती गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "मोटार जळायच्या आधी वायंडिंग काढायचं म्हणतीस."

"व्हय."

"मग काढ. जळालेली मोटार म्या रोज बघतो."

यापेक्षा जास्त ते आजतागायत या विषयावर बोललेले नाहीत. गावात कुणी विचारलं की हेच वायंडिंगचं सांगतात, त्यामुळं अर्ध्या गावाला अजून वाटतं की मला पाणमोटारीचं काहीतरी लागलं होतं.

बायकांना सांगणं जास्त अवघड होतं. आमच्याकडं गर्भाची पिशवी काढून आलेल्या बाया घराघरात आहेत. कशाला काढली म्हणून कुणी विचारत नाही, काढली म्हटलं की संपलं. पण दुखत नाही, खुपत नाही, आणि छाती काढायची? एक म्हणाली बाहेरचं झालंय. दुसरी म्हणाली नवऱ्याचं काहीतरी असेल. माझी एक जुनी गिऱ्हाईक तर दुसऱ्याच दिवशी कापडांची पिशवी घेऊन धावत आली. तिच्या भाचीचं लग्न होतं.

"आधी माझे समदे ब्लाऊज शिवून दे," ती म्हणाली, "मग काय काढायचं ते काढ."

"मावशी, मी हातानं शिवते," मी म्हटलं.

"व्हय गं. पण अंदाज जातो माणसाचा."

मी तिचे सगळे ब्लाऊज शिवून दिले. तिचं बघून बाकीच्याही आल्या. ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात माझ्या दुकानात दिवाळीला नसते एवढी गर्दी झाली.

त्याच गडबडीत मी स्वतःसाठीही दोन पिशव्या शिवल्या. ऑपरेशननंतर दोन्ही बाजूंनी नळ्या निघतात आणि त्यांच्या टोकाला बाटल्या असतात, त्या काही दिवस जवळ बाळगाव्या लागतात असं बहिणीनं सांगितलं होतं. तिनं तिच्या बाटल्या साडीच्या निऱ्यांत खोचल्या होत्या. मी खणाच्या कापडाच्या, गळ्यात अडकवायच्या दोन पिशव्या केल्या, आतून अस्तर लावून. उरलेल्या काठाची पट्टीही लावली.

दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर नळदुर्गकडची एक म्हातारी मुसलमान बाई होती. सगळा वॉर्ड तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा. तिचं ऑपरेशन चार दिवसांपूर्वी झालं होतं, खऱ्या आजाराचं. मी आदल्या दिवशी भरती झाले, खाटेवर बसले, तर तिनं विचारलं, "कित्ती बडी गाठ है?"

"गाठ नाही, खाला."

"मतलब छोटी है?"

"नाहीच आहे. पुढं होऊ नये म्हणून काढतायत."

खाला उठून बसली. "तेरे कू हुआच नै?"

"नाही."

"फिर काय कू आयी गे?"

मी सगळं सांगितलं. बहीण, आत्या, आप्पा, रक्त. तिनं ऐकून घेतलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. मला फार वाईट वाटलं. जी वस्तू तिच्याकडून हिसकावून नेली ती मी आपण होऊन द्यायला आले होते. तासाभरानं तिचा आवाज आला, "सो जाती क्या? तू तो अच्छी है ना? जा, चाय ले के आ."

मी चहा आणला. मग पाणी आणलं. मग पलीकडच्या बाईची चादर बदलली, तिच्या पलीकडचीला संडासापर्यंत नेलं. संध्याकाळपर्यंत त्या वॉर्डात सगळ्या बायांनी मला कामाला लावलं होतं, कारण तिथली मी एकटीच धडधाकट पेशंट होते. नर्सबाईंनी मला दोनदा हटकलं, "नातेवाइकांनी बाहेर थांबायचं." शेवटी मनगटाला लावलेली पट्टी दाखवावी लागली.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंनी माझ्या अंगावर निळ्या पेनानं रेघा ओढल्या. मी मान खाली घालून बघत होते. डाव्या बाजूची रेघ जरा वर चढल्यासारखी वाटली.

"मॅडम, डावा थोडा वर गेलाय का?"

त्यांनी मागं सरून पाहिलं. "तुम्ही वाकून बघताय म्हणून. सरळ उभ्या राहा."

मी सरळ उभी राहिले. रेघ बरोबर होती. माझ्याकडं माप द्यायला येणाऱ्या बायकांना मी हेच सांगते. तेव्हा हसू आलं आणि मग हसता हसता रडू आलं, ते थांबेना. डॉक्टरीणबाईंनी घाई केली नाही. पेनाचं टोपण हातात धरून त्या तशाच थांबल्या.

शुद्धीवर आले तेव्हा छातीवर कुणीतरी धान्याचं पोतं ठेवल्यासारखं वाटत होतं. काढून घेतल्यावर हलकं वाटेल अशी माझी समजूत होती. हात खांद्याच्या वर जात नव्हते. दुसऱ्या दिवशी खाला आपली खाट सोडून माझ्याकडं आली, स्वतःच्या नळ्या सांभाळत, आणि तिनं माझे केस विंचरून वेणी घातली. तिचा एक हात चालत होता, माझा एकही नाही. वेणी वाकडी झाली. मग तिनं माझ्या गळ्यातल्या खणाच्या पिशवीला हात लावून पाहिला.

"ये किसने सिया?"

"मीच."

"मेरे कू भी सी के दे. हरे रंग की."

तिचं ऐकून पलीकडच्या तिघींनीही एकेक सांगितली, आणि अशा रीतीनं मी दवाखान्यातून घरी आले तेव्हा माझ्याकडं चार पिशव्यांचं काम होतं.

घरी आल्यावर माणसं भेटायला येऊ लागली. शहाळी, बिस्किटाचे पुडे. सगळे हळू आवाजात बोलत, मला उठू देत नसत. मग काढलेल्या भागाचा रिपोर्ट आला. त्यात काहीही निघालं नव्हतं. सगळं स्वच्छ. मालकांनी तो फोनवर ऐकला, गाळ्याचं शटर ओढून घेतलं आणि बराच वेळ आत एकटे बसले. पण गावात या बातमीनं फार निराशा पसरली.

"कायच न्हाय निघालं?" शेजारीण म्हणाली.

"काहीच नाही."

"अगदी बारीक बी न्हाय?"

"नाही ना."

"अरारारा," ती म्हणाली आणि शहाळ्याकडं अशी पाहत राहिली, की आता ते परत न्यावं की काय. त्यानंतर भेटायला येणारी माणसं कमी झाली.

नव्या छातीचं ऑपरेशन मला करून घ्यायचं नव्हतं. ब्लाऊजात घालायचे सिलिकॉनचे उभार मिळतात, ते उन्हाळ्यात अंगाला चिकटतात असं बहीण म्हणाली. मी ब्लाऊजवालीच. मऊ सुती कापडाचे दोन उभार शिवले. कापूस भरला तर ते हलके होऊन वर चढायचे, म्हणून वजनाला बाजरी भरली. माप अगदी बरोबर आलं. मी मोठ्या अभिमानानं अंगणात झाडायला गेले, तर कोंबड्या माझ्या मागं मागं यायला लागल्या. मी चुलीकडं गेले, त्या चुलीकडं आल्या. बाभळीखाली गेले, बाभळीखाली आल्या. उजवीकडची शिवण एका जागी उसवली होती आणि पदराखालून दाणा दाणा गळत होता. आई ओट्यावर बसली होती. तिनं आधी पाहिलं, मग तोंडात पदर कोंबला, आणि बहीण आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मीही हसले. टाक्यांना कळ लागत होती तरी हसले. आता मी दुहेरी शिवण घालते आणि बाजरीऐवजी मोहरी भरते. खालाला तिच्या एका बाजूचा तसाच करून पाठवला. तिनं निरोप धाडला, की दुसरी बाजू आता त्याच्यापुढं फिकी पडते.

राहिले आप्पा. डॉक्टरीणबाईंनी त्यांना बजावलं होतं की दोष तुमच्यातही आहे, तुम्हीही तपासून घेत चला. त्यांनी दोन वर्षं टाळलं. मग एकदा त्यांच्याच हाताला छातीच्या एका बाजूला काहीतरी टणक लागलं. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. दुकानात येऊन माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "सोलापूरला कधी जायचं?"

छातीचा फोटो काढायच्या खोलीबाहेर बाकावर नुसत्या बाया बसलेल्या. त्यांच्या मधोमध आप्पा, धोतर, टोपी, कपाळावर भस्म. आतून नर्सबाईंनी आप्पांचं नाव पुकारलं. आप्पा उठले.

"आजोबा, तुम्ही बसा. पेशंटला पाठवा."

"मीच हाय पेशंट."

"हे बायकांचं आहे, आजोबा."

"ठावं हाय मला," आप्पा आपल्या खणखणीत आवाजात म्हणाले. "आमच्या घराण्यात माझ्याकडनंच आलंय." सगळा बाक त्यांच्याकडं बघायला लागला. एका बाईनं सरकून त्यांची टोपी आणि काठी मांडीवर धरून ठेवली.

ते आत गेले. थोड्या वेळानं आतून त्यांचा आवाज आला, "अगं बाई, हळू! कागद न्हाय मी!" बाहेरच्या बाया एकमेकींकडं बघून हसल्या, कारण त्या यंत्रात छाती कशी दाबतात ते सगळ्यांना माहीत होतं.

गाठ साधी निघाली, चरबीची. वर्षातून एकदा दाखवत चला, एवढंच सांगितलं. बाहेर आल्यावर आप्पा सदऱ्याची बटणं लावत बराच वेळ उभे राहिले. बटणं चुकीच्या काज्यात गेली होती. मी ती काढून पुन्हा नीट लावली.

"माझ्या दोघी बहिणींना कुणी नेलंच न्हाय असं कुठं," ते म्हणाले. "म्या बी न्हाय."

आम्ही स्टँडवर आलो. बहिणीचा फोन आला, तिची तपासणी ठीक होती. माझ्या लेकीनं अजून तपासणीला रक्त दिलेलं नाही. ती म्हणते बारावी होऊ दे, मग बघू, आणि मी तिला घाई करत नाही. अणदूरची एसटी लागली तेव्हा आप्पांनी खिडकीची जागा मला दिली आणि छातीवर हात धरून ते शेजारी बसले. तिकडून कंडक्टर आला आणि त्यानं विचारलं, "काय झालं आजोबा? छातीत दुखतंय का?"

"न्हाय," आप्पा म्हणाले. "कायच झालं न्हाय. तेच दाखवून आलो."